३०० चौरस फूट, एक टीव्ही आणि ८५ हजार रुपये: वडाळ्यातल्या एका घरासाठी कन्सोल की पीसी?

प्रकरण जुलै २०२४ मधलं आहे. वडाळ्याच्या एका पुनर्वसन इमारतीत ३०० चौरस फुटांचं घर, घरात चौघं. वडिलांची रात्रपाळी असल्यामुळे सकाळी नऊ ते दुपारी तीन ही त्यांची झोपेची वेळ. संध्याकाळी सात ते दहा टीव्हीवर आईच्या मालिका. थोरला मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा नववीत. भिंतीवरच्या शोकेसमध्ये ४३ इंची, ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) टीव्ही आणि समोरच्या भिंतीला तीन फूट बाय दीड फुटाचं एकच टेबल. फायबरचं १०० एमबीपीएस इंटरनेट, राउटर दारावर. खर्चासाठी गाठीला ८५,००० रुपये, आणि त्यात खेळांचे पैसेही धरलेले.

थोरल्याला व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ हवा होता, कारण कॉलेजचा सगळा गट रात्री साडेनऊनंतर पीसीवर तोच खेळतो. धाकट्याला इमारतीतल्या मित्रांबरोबर शेजारी बसून फुटबॉल खेळायचा होता आणि स्पायडर-मॅन पुरा करायचा होता. घरातला वाद ठरलेल्या वाटेनेच गेला. धाकट्याचं म्हणणं, पीएस५, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल, पंचावन्न हजारांत येतो, टीव्ही आहेच, उरलेले पैसे वाचले. थोरल्याचं म्हणणं, पीसी ऐंशी हजारांत येईल पण त्यावर अभ्यासही होईल. दोन्ही हिशेबांत एकेक भोक आहे, आणि दोन्ही भोकं या घरात लगेच दिसतात.

टीव्ही फुकट नाही

कन्सोल स्वस्त पडतो हे गणित मोकळ्या टीव्हीवर उभं आहे. या घरात टीव्ही मोकळा असतो तो दुपारी तीन ते सात आणि रात्री दहानंतर. दहानंतर वडील कामावर, पण आई त्याच खोलीत झोपलेली, आणि टीव्हीचा उजेड ३०० चौरस फुटांत कुठेही लपत नाही. म्हणजे आठवड्याच्या दिवसांत धाकट्याच्या वाट्याला शाळा सुटल्यापासून सातपर्यंतचा वेळ येतो आणि थोरल्याच्या वाट्याला काहीच नाही. मुंबईतल्या एका खोलीच्या बहुतेक घरांत चित्र असंच असतं. त्यामुळे कन्सोलच्या किमतीत स्वतंत्र पडदा धरल्याशिवाय तुलना सुरूच करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्या वेळी २४ इंची, १०८० पी, आयपीएस पॅनेलचा १४४ हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर साडेदहा हजारांच्या आसपास मिळत होता. पीसीच्या ऐंशी हजारांत तो धरलेलाच होता, कन्सोलच्या पंचावन्नात नव्हता. एवढ्याने पंचावन्न विरुद्ध ऐंशी ही दरी बरीच बुजते. राहिलेली बाकीच्या वस्तूंनी बुजते.

पीसीचा खरा खर्च

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, त्या महिन्यात जीएसटी बिलासकट बांधणी साधारण अशी बसत होती: रायझन ५ ५६०० प्रोसेसर ११,०००, बी५५० बोर्ड ९,०००, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम ३,६००, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (साठवणुकीसाठी) ५,८००, रेडिऑन आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड २०,५००, ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ पॉवर सप्लाय ३,९००, पंख्यांसह कॅबिनेट ३,७००, मॉनिटर १०,५००, कीबोर्ड-माऊस १,८००, स्पाइक गार्ड आणि लॅनची केबल १,२००. बेरीज ७१,०००.

या बेरजेत विंडोज नाही, आणि दुकानातल्या कच्च्या कोटेशनमध्येही ते सहसा नसतं. रीतसर घेतलेल्या विंडोज ११ होमला त्या वेळी नऊ-साडेनऊ हजार लागत होते. पाचशे-सातशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या ‘की’ बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक परवान्यातल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात. लिनक्स टाकून पैसे वाचवता येतात, पण व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे फसवेगिरी रोखणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, आणि इथे पीसी हवा होता तो त्याच खेळासाठी. विंडोज धरून बेरीज ८०,५००. शेजारी बसून फुटबॉल खेळायचा तर वायरचे दोन गेमपॅड लागतात, त्यांचे चार हजार. ८४,५००. खेळ विकत घ्यायला ५०० रुपये उरले.

तरी ही बांधणी चांगली आहे, हे नोंदवलं पाहिजे. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅटचं आहे, प्रोसेसर ६५ वॅटचा. ५५० वॅटचा पॉवर सप्लाय निवांत पुरतो. १०८० पी वर व्हॅलोरंट सेकंदाला १४४ फ्रेमच्या बराच वर जातो. पुढे प्रोसेसर कमी पडला तर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून त्याच बोर्डावर रायझन ७ ५७००एक्स३डी बसतो. एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. कन्सोलचा मुख्य बोर्ड गेला की अख्खा डबाच गेला. शिवाय पीसीचे खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात रुपयांत किमती असतात, वर्षातून मोठे सेल लागतात, आणि विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. एपिक स्टोअर डिसेंबर २०१८ पासून सतत फुकट खेळ देत आहे. ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी नाही. पीसीची बाजू दुसऱ्या वर्षापासून भरभक्कम होत जाते.

अशी बांधणी करताना नेमकं काय बिघडतं तेही लिहून ठेवतो, कारण हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. रायझन ५ ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली की पडदा काळाच राहतो आणि मशीन मेलं असं वाटतं. केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू केलं नाही तर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालते. विंडोजमध्ये डिस्प्लेचा रिफ्रेश रेट हाताने बदलला नाही तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. डेस्कटॉपचा प्लग तीन पिनांचा असतो तो याचसाठी. जुन्या वायरिंगच्या घरात आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं, मग पीसी आणावा.

अभ्यासाचा मुद्दा आणि टेबलावरचा लॅपटॉप

पीसीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा अभ्यासाचा. तो तपासताना या प्रकरणाने वळण घेतलं. थोरल्याकडे कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप होता: कोअर आय५-११३५जी७, ८ जीबीची एकच पट्टी, रॅमचा एक खण रिकामा, विंडोज ११ कंपनीकडूनच आलेलं. दुसऱ्या वर्षाचं प्रोग्रामिंग, रिपोर्ट, सादरीकरणं हे सगळं त्यावर चालत होतं. म्हणजे ‘अभ्यासाला पीसी लागतो’ ही गरज आधीच भागलेली होती. त्याने थ्रीडी मॉडेलिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग घेतलं असतं तर गोष्ट वेगळी.

‘लॅपटॉपवर व्हॅलोरंट अडकत चालतो’ ही त्याची तक्रार खरी होती, पण कारण वेगळं होतं. या प्रोसेसरमध्ये आयरिस एक्सई हे बऱ्यापैकी दमदार अंगभूत ग्राफिक्स आहे. मात्र ते पूर्ण ताकदीने चालायला रॅम दोन चॅनेलमध्ये असावी लागते. एकच पट्टी असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयरिसच्या जागी नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसतं, आणि खेळाची गती घसरते. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरतं. रॅमचा रस्ता अरुंद झाला की चित्र अडखळणारच.

उपाय: त्याच वेगाची, म्हणजे ३२०० ची, ८ जीबी डीडीआर४ लॅपटॉप रॅम. त्या वेळी १,९०० रुपये. घेण्यापूर्वी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरीखाली किती खण आणि किती वापरात आहेत ते बघावं. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली असते आणि खण नसतोच. बसवताना लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, शक्य असेल तर आतल्या बॅटरीचा जोडही सोडवलेला. पट्टी तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ झाल्या पाहिजेत. मशीन पुन्हा सुरू केल्यावर ‘यूएचडी’चं ‘आयरिस एक्सई’ झालेलं दिसलं की काम झालं. कमी सेटिंगवर १०८० पी ला व्हॅलोरंट ६० फ्रेमच्या बराच वर जातो. डेस्कटॉपचे २०० फ्रेम ते नव्हेत, पण कॉलेजच्या गटात खेळायला पुरेसे आहेत.

खेळ कन्सोलवरच घ्यावा का, हाही प्रश्न निघाला. व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आला खरा, पण कन्सोलवाले आणि पीसीवाले एका सामन्यात येत नाहीत. मित्र पीसीवर असतील तर कन्सोलवरचा व्हॅलोरंट उपयोगाचा नाही.

तर पीसी घरात आधीच होता. त्याला १,९०० रुपयांची पट्टी आणि एक चांगला पडदा एवढंच हवं होतं. मग ८५ हजारांतला मोठा वाटा धाकट्याच्या खेळांसाठी मोकळा झाला, आणि तिथे कन्सोलला तोड नव्हती.

ठरलं ते

पीएस५ स्लिम, डिस्क ड्राइव्हसह, ५४,९९०. मॉनिटर १०,५००. दुसरा कंट्रोलर ६,०००. लॅपटॉपची रॅम १,९००. लॅन केबल, एचडीएमआय केबल, दुतर्फी स्विच आणि स्पाइक गार्ड मिळून २,४००. जुन्या दोन डिस्क, फुटबॉलचा एफसी २४ आणि स्पायडर-मॅन, ४,५००. एकूण ८०,२९०.

डिजिटल आवृत्ती ४४,९९० ला होती, दहा हजारांनी स्वस्त. ती घेऊ नये असं आम्ही ठामपणे सांगितलं. मोठ्या खेळाची नवी डिस्क तेव्हा पाच हजारांच्या आसपास पडत होती, पण खेळ पुरा झाल्यावर ती विकता येते, आणि हाजी अलीच्या हिरा पन्नासारख्या ठिकाणी किंवा मित्रमंडळीत जुनी डिस्क अर्ध्या किमतीत मिळते. वर्षाला चार-पाच खेळ घेणाऱ्या घरात हा फरक दोन वर्षांत वसूल होतो. डिजिटल खेळ खात्याला चिकटतो. विकता येत नाही, मित्राला देता येत नाही.

जुलैत एफसी २४ पूर्ण किमतीला घेणं चूक ठरलं असतं, कारण या मालिकेचा नवा खेळ दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस येतो आणि मागच्या वर्षीची डिस्क झपाट्याने उतरते. उरलेले ४,७१० रुपये एफसी २५ साठी ठेवले. प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या ऑनलाइन सेवेची सगळ्यात खालची वर्गणी तेव्हा वर्षाला चार हजारांच्या आसपास होती. शेजारी बसून खेळायला ती लागत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी घेतली नाही. विकत घेतलेले खेळ ऑनलाइन खेळायचे झाले तरच ती लागते.

ग्रे मार्केटमधला, म्हणजे अधिकृत वाटेने न आलेला, तीन-चार हजारांनी स्वस्त पीएस५ही समोर आला होता. तो नाकारला. भारतातली वॉरंटी भारतात अधिकृतपणे विकलेल्या कन्सोललाच असते, आणि बिल नसलेल्या डब्याचं पुढे काही करता येत नाही. डिस्कचंही असंच एक पथ्य: पीएस५ कुठल्याही देशाची डिस्क चालवतो, पण त्या खेळाची जास्तीची सामग्री, म्हणजे डीएलसी, डिस्कच्या प्रदेशाच्या खात्यातूनच घ्यावी लागते. परदेशी डिस्क आणि भारतीय खातं अशी जोडी असली की विकत घेतलेली डीएलसी उघडतच नाही.

निर्णयात एक गोष्ट मागे उभी होती. रॉकस्टार कंपनीचा जीटीए ६ हा खेळ डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला तो फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. याच कंपनीचा जीटीए ५ सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ मध्ये कन्सोलवर आणि वर्षभराने पीसीवर. सोनीचे स्वतःचे कथाप्रधान खेळही पीसीवर उशिरा येतात: गॉड ऑफ वॉर २०१८ चा, पीसीवर जानेवारी २०२२ मध्ये. वाट बघायची तयारी असणाऱ्याला पीसीवर हे सगळं स्वस्तात मिळतं. नववीतल्या मुलाची ती तयारी नसते, आणि आम्ही ते गैर मानत नाही. मित्र ज्या महिन्यात खेळतात त्याच महिन्यात खेळण्याची मजा असते.

बसवणी आणि पहिल्या पंधरवड्यातल्या अडचणी

कन्सोल शोकेसच्या खणात ठेवायचा नाही. मागे आणि बाजूंनी किमान दहा सेंटिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. इथे तो टेबलाच्या एका कडेला आडवा ठेवला. मॉनिटरच्या एका एचडीएमआयला कन्सोल, दुसऱ्याला लॅपटॉप. लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ प्रकारचं असल्याने १०८० पी ला १२० हर्ट्झपर्यंत मिळतात. ते विंडोजमध्ये हाताने निवडावे लागले.

रविवारी चार पोरं जमली की खेळ टीव्हीवर हवा. पीएस५ ला एचडीएमआयचं एकच भोक आहे, आणि केबल सारखी काढ-घाल करून तेच सैल होतं. दुरुस्तीला येणाऱ्या कन्सोलमध्ये ही तक्रार फार असते. म्हणून कन्सोलजवळ एक आत-दोन बाहेर असा स्विच, आणि तिथून भिंतीच्या कडेने पाच मीटरची केबल टीव्हीपर्यंत. टीव्हीवर ‘गेम मोड’ सुरू करायचा, नाहीतर बटण दाबणं आणि खेळाडू हलणं यांत अंतर जाणवतं.

पहिली तक्रार आईची आली. धाकट्याने मॉनिटरवर खेळायला कंट्रोलर सुरू केला आणि मालिका चालू असताना टीव्ही आपोआप कन्सोलच्या इनपुटवर गेला, कारण स्विच आदल्या दिवशीपासून टीव्हीकडेच राहिला होता. पीएस५ च्या सेटिंगमध्ये सिस्टिम, मग एचडीएमआय, तिथे ‘एचडीएमआय डिव्हाइस लिंक’ बंद केलं की हा प्रकार थांबतो.

दुसरी अडचण रात्री भिंतीवरचं बटण बंद करण्याच्या सवयीची. पीएस५ रेस्ट मोडमध्ये असताना तो पूर्ण बंद नसतो; तसाच वीजपुरवठा तोडला की पुढच्या वेळी ‘नीट बंद केला नाही’ असा इशारा येतो आणि स्टोरेज तपासणी सुरू होते. घराची सवय बदलणं अवघड, म्हणून रेस्ट मोड वापरायचाच नाही असं ठरलं: कंट्रोलरवरून ‘टर्न ऑफ’, दिवा विझला की मग बटण. अपडेट दिवसा घ्यायचे. १०० एमबीपीएसवर १०० जीबीचा खेळ उतरायला सव्वादोन तास लागतात.

व्हॅलोरंटने ‘व्हॅन ९००३’ ही चूक दाखवली. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही लागतात. लॅपटॉपच्या बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद होतं. ते सुरू करण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घेतली. हे न करता बायोसमध्ये हात घातला आणि डिस्क एन्क्रिप्ट असली, तर मशीन सुरू होताना ४८ आकडी की मागतं आणि ती हाताशी नसेल तर कॉलेजचं सगळं काम आत अडकतं.

पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, उड्या मारत होता तो वाय-फायमुळे. या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची डझनभर नेटवर्क एकमेकांवर चढलेली दिसतात. दारापासून टेबलापर्यंत दहा मीटर कॅट-६ केबल टाकल्यावर मुंबई सर्व्हरचा पिंग स्थिर झाला. खेळताना लॅपटॉप चार्जरवर आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचललेली.

आवाजासाठी वेगळं काही घ्यावं लागलं नाही. कंट्रोलरच्या खालच्या ३.५ मिमी जॅकला साधे इअरफोन चालतात, त्यामुळे वडील झोपलेले असताना सुट्टीच्या दिवशीही खेळता येतं. विजेचा हिशेब किरकोळ: कन्सोल २०० वॅटच्या आसपास, मॉनिटर २५, लॅपटॉप ६५, सगळं एकदम चाललं तरी सव्वा अँपिअर, सहा अँपिअरच्या पॉइंटला सहज पेलणारं. यूपीएस घेतला नाही. मुंबई शहर भागात वीज क्वचित जाते. १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस आठवणीत राहतो तो त्यामुळेच. डेस्कटॉप असता तर निदान अर्धवट लिहिलेल्या फाइलींसाठी यूपीएसचा विचार करावा लागला असता.

धाकट्याचं खातं वडिलांच्या खात्याखाली ‘चाइल्ड’ म्हणून उघडलं. त्यात रोजच्या खेळाची मर्यादा आणि महिन्याच्या खर्चाची मर्यादा ठेवता येते. खर्च शून्यावर ठेवला आहे.

निर्णय कधी उलटा झाला असता

लॅपटॉप नसता किंवा त्यात रॅमचा खण नसता, तर वरचा ८०,५०० चा पीसीच योग्य होता, गेमपॅड आणि खेळ हळूहळू घेत. थोरला स्पर्धात्मक खेळाकडे गंभीरपणे गेला तरीही पीसीच. १४४ फ्रेम स्थिर लागतात आणि ते अंगभूत ग्राफिक्सकडून होणार नाही. घरात एकटाच खेळणारा असता आणि टीव्ही मोकळा असता, तर मॉनिटर, दुसरा कंट्रोलर, लॅपटॉपची रॅम आणि स्विच वगळून कन्सोल साठ हजारांच्या आसपास बसला असता.

वॉरंटी एक वर्षाची असते. ती संपण्यापूर्वीच्या महिन्यात तीन गोष्टी तपासायच्या: एचडीएमआय हलवल्यावर चित्र जातं का, डिस्क टाकल्यावर ड्राइव्ह ती दर वेळी ओळखतो का, आणि कंट्रोलरची काठी सोडल्यावर खेळाडू आपोआप एका बाजूला सरकतो का. कंट्रोलरची काठी सरकणं हा या पिढीत नेहमी दिसणारा दोष आहे. वॉरंटीनंतर कन्सोल उघडायची वेळ आली तर पीएस५ च्या प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारं लिक्विड मेटल (द्रव धातू) असतं हे माहीत असलेल्या कारागिराकडेच द्यावा; ते बोर्डावर सांडलं तर शॉर्ट होऊन बोर्डच जातो.